बांध, मानस, घाट, मैदान : नदीकाठच्या गावाची वर्षभराची राखण

आमच्या खाजनाचा (नदीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध जुलैमध्ये फुटला असे गावात सगळे सांगतात. माझ्या मते तो एप्रिलमध्येच फुटला होता, जुलैमध्ये फक्त पाणी आले. एप्रिलमध्ये बांधाच्या आतल्या उतारावर अंगठा जाईल एवढी चार-पाच भोके दिसत होती आणि प्रत्येक भोकाखाली चिखलाचा छोटा ढीग होता. बाजूची माती उन्हाने भेगाळलेली, हे ढीग मात्र ओले. कुर्ल्यांची म्हणजे खेकड्यांची बिळे, त्यात काय एवढे, म्हणून आम्ही चौघे वरून चालत गेलो. त्या चौघांत मी होतो. हा लेख लिहायचा माझा अधिकार तेवढाच.

गोव्यात डिचोली तालुक्यात मांडवी नदीच्या काठाला आमचा गाव. मी कूळ संघटनेच्या, म्हणजे खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेच्या, समितीवर आहे आणि क्लबाच्या मैदानाची चावीही गेली काही वर्षे माझ्याच खिशात असते. आधी ही दोन वेगळी कामे वाटायची. पण सकाळी लोक फिरतात ते बांधावरून, पोरे गरी टाकून बसतात ती मानशीवर (बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर), चवथीचे विसर्जन होते नदीच्या घाटावर, आणि पूर आला की पाणी पहिल्यांदा पसरते मैदानात. एक जागा सोडून दुसरीची देखभाल होत नाही. पंच, कूळ संघटना, क्लब, बचतगट, ज्यांना यात हात घालायचा असेल त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो. कामाची सुरुवात नोव्हेंबरात होते. मे महिन्यात जी धावपळ दिसते ती बहुतेक फोटोपुरती असते.

आधी पाणी समजून घ्या

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. आपण अजून इंचांत बोलतो, तर १२० इंचांच्या आसपास. सत्तरीच्या डोंगरात त्याहून जास्त. हे वरचे पाणी. दुसरे पाणी समुद्राकडून येते, दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा. मांडवीत भरती पार वर गांजे गावापर्यंत चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुरगाव बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो.

खाजन म्हणजे या भरतीच्या पातळीखालची, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर आहे. आतले पाणी फक्त ओहोटीला, नदी खाली गेल्यावरच बाहेर पडू शकते. आता हिशेब करा. एका हेक्टरवर एक इंच पाऊस म्हणजे २५४ घनमीटर पाणी. ४० हेक्टरच्या खाजनावर दिवसात चार इंच पडला तर ४०,००० घनमीटर झाले, डोंगरावरून ओहोळांनी आणलेले वेगळेच. मानशीचे तोंड एक मीटर रुंद, दीड मीटर उंच धरा आणि पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर. तासाला ५,४०० घनमीटर बाहेर जाते. एका ओहोटीत कामाचे साडेचार तास मिळाले तर २४,०००, दोन ओहोट्यांत ४८,०००. म्हणजे सगळे ठीक असेल तर दिवसभरात जेमतेम निभावते. मानशीच्या तोंडात नारळाची चार झावळे आणि बाटल्यांचा गठ्ठा अडकून निम्मी वाट बंद झाली, की २४,००० वर आलात. उरलेले पाणी तुमच्या भातात.

२३ जुलै २०२१ ला म्हादईने, म्हणजे वरच्या मांडवीने, सत्तरी-डिचोलीत जो कहर केला तो सगळ्यांना आठवतो. पण दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. म्हणून पंचांग आणि हवामान खात्याचा इशारा ही दोन्ही एकाच भिंतीवर लावा.

कुठले काम कोणाचे

हे कंटाळवाणे आहे, पण इथेच वर्षे वाया जातात. खाजनाच्या बांधाची जबाबदारी पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) आणि भाटकार म्हणजे जमीनदार बघत. १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७५ च्या नियमांनी ती कूळ संघटनांवर आली. त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची. मोठी दुरुस्ती असेल तर कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे जायचे. नदीची संरक्षक भिंत, बंधारे, पूर उपसणारे पंप हे जलस्रोत खात्याचे. मैदान, बाग, पायवाट बहुधा पंचायतीची, पण जमीन कोमुनिदादची किंवा कोणाच्या खासगी मालकीची असू शकते. बाक बसवायच्या आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा, उतारा काढा.

एका कागदावर गावाचा नकाशा हाताने काढा. बांध, मानशी, ओहोळ, मोऱ्या, बंधारा, घाट, मैदान, सगळे दाखवा आणि प्रत्येकापुढे कोणाचे ते लिहा. ज्याच्यापुढे कोणाचेच नाव येत नाही तीच जागा आधी फुटते. आमच्याकडे ती रस्त्याखालची जुनी मोरी निघाली. तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती. शेवटी ग्रामसभेत ठराव घेतला, तेव्हा कुठे एकाने ती आपली मानली.

नोव्हेंबर : चालून पाहणी

भातकापणी झाली की अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही सर्वांत खोल जाते आणि बांधाचा पाया उघडा पडतो. मुरगावची ओहोटीची वेळ सगळीकडे मिळते, पण आत नदीला पाणी उतरायला त्याहून उशीर लागतो. किती, ते चार-पाच दिवस घड्याळ लावून तुमच्याच घाटावर मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा. दुसऱ्या गावाचा आकडा उपयोगाचा नाही.

चौघे जा. दोघे बांधाच्या वरून, एक आतल्या पायथ्याने, एक होडीतून बाहेरच्या बाजूने. होडी टाळू नका. बाहेरून लाटांनी खाल्लेला भाग वरून दिसत नाही, वर गवत छान हिरवे असते आणि खाली पोकळी. बार्जींच्या लाटांनी मांडवीकाठच्या बांधांचे असे पाय खूप ठिकाणी खाल्ले आहेत.

काय शोधायचे? बांधाच्या लांबीला समांतर भेग दिसली तर ती सर्वांत वाईट, उतार घसरायच्या तयारीत आहे. आडवी भेग बहुधा सुकल्याने पडते, ती भरता येते. आतल्या पायथ्याशी सुक्या दिवसांतही ओल किंवा हिरवेगार गवत असेल तर आतून पाणी पाझरते आहे. पाझरणारे पाणी स्वच्छ असेल तर खूण करून ठेवा. गढूळ असेल तर पाणी बांधाची माती घेऊन चालले आहे, त्याच आठवड्यात काम काढा. माथा कुठे खचला आहे ते डोळ्यांनी कळत नाही, गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन पातळी तपासा. माथा मोठ्यात मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा निदान दीड-दोन फूट वर हवा. दुचाकी सतत जाते तिथे चाकोरी पडून तो नेहमी कमी झालेला असतो.

बीळ आरपार आहे का हे बघायची आमची रीत सांगतो. भरतीच्या वेळी बाहेरच्या तोंडाशी कपड्यांची नीळ पाण्यात कालवून सोडायची आणि आत एकाने बसून राहायचे. निळे पाणी आत आले, की वादच संपतो. त्या एप्रिलात हे दहा रुपयांचे काम कोणी केले नाही.

प्रत्येक दोषाजवळ बांबूची खुंटी ठोका, क्रमांक रंगवा, त्याच जागेवरून तारखेसह फोटो घ्या. अर्जासोबत हे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडला, की खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्यालाही पुढे कागद हलवायला आधार मिळतो. अर्ज डिसेंबरात द्या. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाचे काम पावसात सुरू होते आणि पावसात घातलेली माती नदीत जाते.

मानस

मानशीची युक्ती साधी आहे. बिजागऱ्यांवर झुलणारे लाकडी दार भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. माणूस लागत नाही. म्हणूनच माणसे तिच्याकडे बघत नाहीत. गावातले एक म्हातारे काका, ज्यांनी आयुष्यभर मानस राखली, म्हणायचे, ‘‘दार आपटल्याचा आवाज घरात ऐकू आला पाहिजे. नाही आला तर कंदील घेऊन जायचे.’’ भरती लागली की दार धाडकन मिटते, तो आवाज. तो मऊ झाला तर मध्ये काहीतरी अडकले आहे. तो ऐकूच आला नाही तर दार कोणीतरी बांधून ठेवले आहे.

हे बांधून ठेवणे मुद्दाम होते. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि त्याच पैशातून बांधाची दुरुस्ती व्हायची असते. पण भरतीचे पाणी जास्त आत घेतले तर सुंगटे (कोळंबी) आणि मासे जास्त मिळतात, म्हणून दारे उघडी ठेवायचा मोह लिलाव घेणाऱ्याला पडतो. खारे पाणी शेतात चढते, कोरगुटसारखे खारे सोसणारे भातही एका मर्यादेपुढे मरते, आणि सतत दोन्ही बाजूंनी धावणारे पाणी मानशीच्या कडेची माती नेते. आम्ही आता लिलावाच्या करारातच चार गोष्टी घालतो : दाराला दोरी किंवा दगड लावायचा नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तोंडावर जाळे नको, हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी समितीचा माणूस सांगेल तसे, आणि अनामत रक्कम हंगाम संपल्यावर मानस तपासूनच परत. भांडण होते. होऊ दे, ऑक्टोबरात झालेले भांडण जुलैपेक्षा बरे.

दुरुस्ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, भांगाच्या दिवसांत करा, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तेव्हा भरतीचा जोर कमी असतो. आधी बाहेर चिखल आणि पोती लावून तात्पुरता आडबांध घाला. दाराच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर किंवा कोयत्याचे टोक खुपसून बघा, विशेषतः खालच्या एका फुटात. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो आणि वरून फळी धडधाकट दिसते. टोक सहज आत गेले तर फळी बदला, वरून डांबर फासून लपवू नका. बिजागऱ्या गंजल्या असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घाला, महाग पडतात पण दर दोन वर्षांनी उतरवाव्या लागत नाहीत. दार चौकटीला टेकते ती कड हाताने चाचपा. शिंपले चिकटले असतील तर खरवडा. दार मिटल्यावर फटीतून बोट जाता कामा नये.

मग मानशीच्या दोन्ही बाजूंची, म्हणजे जांभ्याचे चिरे आणि मातीचा बांध यांच्या सांध्याची तपासणी. बांध बहुतेक इथेच फुटतो, कारण दगड आणि माती एकसारखी खचत नाहीत. सांध्यात फट असेल तर सिमेंट ओतून झाकू नका. दोन-तीन फूट खणून चिकण माती आणि भाताचा पेंढा कालवून थराथराने दाबत भरा. शेवटी पोंय, म्हणजे आत पाणी गोळा होऊन मानशीकडे येते तो खोलगट पाट, त्यातला गाळ काढा. निघालेली माती वाहून बाहेर टाकण्यापेक्षा बांधाच्या आतल्या पायाला लावा.

मातीकाम

बीळ बुजवायचे म्हणजे तोंडावर गोळा लावायचा नाही. बिळाच्या मागे खणत जायचे, आत वळते तिथपर्यंत. कडा सरळ न ठेवता पायऱ्यांसारख्या कापायच्या, म्हणजे नवी माती जुनीला धरते. भरताना एका वेळी सहा ते आठ इंचांचा थर, त्याहून जाड नाही. प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. माती योग्य ओली आहे का? मुठीत गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. भुगा झाला तर पाणी शिंपडा, चपटा होऊन चिकटला तर दिवसभर वाळू द्या, दोन-चार तुकडे झाले तर लगेच भरा. घालायची उंची दहा टक्के जास्त धरा, पहिल्या पावसात तेवढी बसते.

आमच्याकडे एका ठेकेदाराने एकदा खोदकामातला मुरमाड ढिगारा आणून भगदाडात ओतला आणि वरून चिखलाचा हात फिरवला. दिसायला देखणे काम. त्यातून पाणी चाळणीसारखे गेले. तेव्हापासून पहिला ट्रक रिकामा होण्याआधी समितीतला एक जण मूठभर माती पाण्याच्या बाटलीत घालून हलवतो आणि अर्ध्या तासाने बघतो. खाली वाळू-खडीचा जाड थर आणि वर बारीक मातीची पातळ रेघ दिसली तर ट्रक परत.

झाडांबद्दल दोन शब्द. बांधाच्या माथ्यावर नारळ, काजू, आंबा लावू नका. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या नळ्या आत राहतात. गोड्या पाण्याच्या बाजूला वाळा किंवा हरळी उत्तम. बाहेरच्या बाजूची खारफुटी ही तर फुकटची भिंत आहे, लाटा तिच्यात मरतात. तिला हात लावायचा नाही, दगडी पिचिंगमध्ये रोप घुसले असेल तरी आधी वनखात्याला विचारायचे.

बंधारे

नोव्हेंबर-डिसेंबरात फळ्या घालतात, पाऊस लागण्यापूर्वी मे अखेर काढतात. दोन रांगांत फळ्या आणि मध्ये माती, एवढेच तंत्र. काम जलस्रोत खात्याचे आहे, गावाने परस्पर फळ्या उचलू नयेत. पण तारखेच्या मागे लागायचे काम गावाचेच. पहिला मोठा पाऊस फळ्या असताना आला तर ओंडके आणि कचरा बंधाऱ्याला अडकून पाणी बाजूचा काठ फोडते आणि नदी नवी वाट धरते.

फळ्या काढायच्या दिवशी खालच्या वाड्यांवर आदल्या संध्याकाळी निरोप द्या, कपडे धुणारे आणि पोहणारे असतात. वरच्या फळीपासून एकेक, थांबून थांबून. काढलेल्या फळ्यांवर क्रमांक घाला, सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. उघड्यावर टाकलेल्या फळ्या पुढच्या वर्षी कुणाच्या तरी गोठ्यात सापडतात.

साखळीसारख्या ठिकाणी वाळवंटी नदीला भिंत आहे आणि आतले पाणी उपसायला पंप आहेत. केरीच्या अंजुणे धरणाचे पाणी सोडले की तेही वाळवंटीतच येते. तिथल्या लोकांनी एकच करावे : मे महिन्यात पंप चालू करून दाखवा असे लेखी मागावे, अर्धा तास चालताना उभे राहून बघावे, वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार त्याचे नाव विचारावे.

घाट, वाट, मैदान

आता करमणुकीच्या जागा. पहिला नियम, इथे पाणी येणार हे धरूनच बांधा. किनारी क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे. तिथे विकासकामांना परवानगी नाही, खारफुटीला संरक्षण आहे. त्यामुळे खाजनात पेव्हर आणि गझेबोचे प्रस्ताव आणणाऱ्यांना आधी तो परिच्छेद वाचायला द्या. बांधावर पेव्हर तसेही घातक. खाली माती खचते, वर पेव्हर कमानीसारखे तरंगत राहतात, आणि पोकळी दिसते ती कुणाचा पाय आत गेल्यावर. फिरायला दाबलेली माती आणि कापलेले गवत पुरे. चारचाकी आत येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना चिऱ्याचे खांब उभे करा, मध्ये हातगाडी जाईल एवढी जागा ठेवून.

बाक बांधाच्या माथ्यावर नकोत, आतल्या बाजूला उंचवट्यावर. कुंपण नदीच्या प्रवाहाला आडवे घालायचे असेल तर जाळी नको. जाळीत कचरा अडकतो, जाळीची भिंत होते आणि मग ती खांबासकट जाते. मैदानावरच्या दिव्यांचे स्विचबोर्ड २०२१ च्या पुराच्या खुणेपेक्षा तीन फूट वर घ्या, गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर लावा, आणि पावसाआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. मैदानाचा उतार चहूबाजूंनी किंचित, आणि पाणी पोंयकडे जाणारे गटार उघडे ठेवा. झाकलेल्या गटारात काय चालले आहे कोणालाच कळत नाही.

दिवाळीनंतर एक खास गोव्याचे काम असते. नरकासुराचा पुतळा जाळला की त्याच्या तारा, खिळे, लोखंडी सांगाडा मैदानावर पडून राहतो. वरवर झाडून भागत नाही. आम्ही भंगारवाल्याकडून जुन्या स्पीकरचे लोहचुंबक घेतले, काठीला बांधले आणि मैदान पालथे घातले. पहिल्या वर्षी अर्धी बादली खिळे निघाले. आता नरकासुर करणाऱ्या मंडळाकडून सांगाडा दोन दिवसांत उचलण्याची चिठ्ठी आधीच घेतो.

घाटाचा प्रश्न शेवाळाचा. चवथ भर पावसाळ्यात येते, हातात गणपती, पायाखाली शेवाळ. चवथीच्या चार दिवस आधी ओहोटीला पायऱ्या वाळू आणि काथ्याच्या जाड ब्रशने घासा, तारेच्या ब्रशने जांभा झिजतो. विसर्जनाच्या पायरीला दोन्ही कडांना दोर बांधा, पाण्यात किती पायऱ्या आहेत ते खांबावर रंगवा. माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या सजावटीची) फळे-पाने आणि निर्माल्य यासाठी घाटावर डबे ठेवा, कारण ते पाण्यात गेले की दोन दिवसांत मानशीच्या दारात येते. दरवर्षी. मी माटोळीच्या सुतळीत गुंडाळलेले दार स्वतः सोडवले आहे.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. बंधाऱ्याखाली पाणी उथळ दिसते, पण पडणारे पाणी गोल फिरून माणसाला परत बंधाऱ्याकडे ओढते, पोहता येणाराही दमतो. हरवळ्याच्या धबधब्यासारख्या ठिकाणी, खाणींच्या खड्ड्यांत आणि नद्यांत पावसाळ्यात उतरायला जिल्हाधिकारी बंदीचा आदेश काढतात. तो मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावा, कारण बुडणारे बहुतेक बाहेरगावचे असतात. नुसता फलक पुरत नाही. फुगवलेली ट्यूब आणि तीस मीटर दोर खांबाला टांगून ठेवा, कुलूप न लावता. चोरीला जाईल, म्हणतात. आमची एकदा गेली, दुसरी आणली.

पावसाळ्यातली पाळी

जूनपासून आठ-दहा जणांची यादी करा, प्रत्येक रात्री दोघे. एकटा माणूस बांधावर जाणार नाही. काठी, बॅटरी, शिट्टी, गमबूट. गावात आपदा मित्र प्रशिक्षण घेतलेला कोणी असेल तर तो या यादीत हवाच. ११२, १०८ आणि अग्निशमनचा १०१ हे क्रमांक चहाच्या दुकानात मोठ्या अक्षरांत लिहा.

चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार, ही हवामान खात्याची मोजणी. असा इशारा उधाणाच्या दिवसांत आला तर पाऊस येण्याआधीच्या ओहोटीला मानस साफ करून पोंय जितकी रिकामी होईल तितकी होऊ द्या. पाऊस सुरू झाल्यावर ही संधी परत मिळत नाही. ५०० रिकामी पोती आणि माती मे महिन्यातच बांधाजवळ, पण बांधावर नव्हे, ताडपत्रीखाली ठेवलेली हवीत.

पोते दोन तृतीयांशच भरायचे, तोंड दुमडून खाली घालायचे, विटांसारखे सांधे चुकवत लावायचे आणि पायाने दाबायचे. ठासून भरलेली पोती दगडांसारखी एकमेकांवर लुडकतात, मध्ये फटी राहतात. भिंत जितकी उंच त्याच्या तिप्पट पाया.

आतल्या पायथ्याशी पाणी कारंज्यासारखे उसळू लागले तर लोक घाबरून त्यावर पोते टाकतात. ते करू नका, पाणी दुसरीकडून फुटते. त्या जागेभोवती पोत्यांचे कडे करा, विहिरीच्या कठड्यासारखे, आणि आत पाणी वर चढू द्या. चढलेल्या पाण्याचे वजन खालच्या झऱ्याला दाबते. बाहेर येणारे पाणी गढूळचे स्वच्छ झाले, की कडे पुरेसे उंच झाले. बिळाचे बाहेरचे तोंड सापडले तर तिथे ताडपत्री आणि पोती. पण भरलेल्या नदीत त्यासाठी कोणी उडी मारायची नाही, बांबूने चाचपायचे. आणि माथ्यावरून पाणी पलीकडे सांडू लागले, लांबीची भेग रुंदावू लागली, तर पोती तिथेच टाकून सगळ्यांनी बांधावरून उतरायचे, खालच्या घरांना उठवायचे. भात पुन्हा लावता येते.

पाणी ओसरल्यावर

पहिल्या दिवशी कोणाला मैदानात सोडू नका. आधी वीज बंद असल्याची खात्री, मग गमबूट घालून साप आणि काचांसाठी फेरी. उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टो आपल्याकडे पावसाळ्यात येतोच, त्यामुळे पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये, आणि चिखलात काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरला ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आपणहून सांगावे. गाळ ओला असतानाच फावड्याने ओढा, वाळला की दगड होतो. झोपाळे, घसरगुंडी साबणाने धुऊन ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, नटबोल्ट हलवून बघा, पायाचे काँक्रीट उघडे पडले असेल तर माती भरेपर्यंत दोरी बांधून बंद ठेवा.

पुराची खूण पुसली जायच्या आत, म्हणजे चोवीस तासांत, भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर रंगाने रेघ मारा, तारीख घाला. पुढच्या वेळी स्विचबोर्ड कुठे न्यायचा, बांध किती वाढवायचा, याला हाच पुरावा लागतो. बांधाकडे विशेष लक्ष नदी झपाट्याने उतरत असताना द्या. आतपर्यंत भिजलेला उतार बाहेरचा आधार गेल्यावर घसरतो, कित्येकदा पूर गेल्यानंतर दोन दिवसांनी, ऊन पडलेले असताना.

मग नोव्हेंबरात पुन्हा खुंट्या. आमच्या वहीत गेल्या वर्षीच्या १७ खुंट्यांपैकी ११ वर काट मारली आहे, सहा उरल्यात. त्यांतली नववी खुंटी त्याच बिळाजवळची, एप्रिलातल्या.